क्रोनोग्राफ घड्याळांवरील अंकने आणि त्यांचा मूलशोध

नित्याची वेळ दाखवून शिवाय स्वतंत्र काट्याने अल्प कालावधी मोजणारे घड्याळ म्हणजे क्रोनोग्राफ. 'काल' आणि 'लेखन' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. निकोला रियसेक याने १८२१ मध्ये रचलेल्या उपकरणात तबकडीवर शाईचा ठिपका खरोखरच उमटत असे. पुढे शाई गेली, नाव मात्र उरले. तथापि जुन्या क्रोनोग्राफांवर एक वेगळे लेखन आढळते. ते म्हणजे मागील झाकणावर कोरलेली अक्षरे व अंक. ही अंकने म्हणजे लघुलेखच होत, आणि कोणत्याही लेखाप्रमाणे तीही प्रथम कोणी व कशासाठी कोरली, हे ठरवूनच वाचावी लागतात.

एका घड्याळावर सामान्यतः तीन हात फिरलेले असतात: यंत्र घडविणाऱ्याचा, तबकडीवर आपले नाव घालून विकणाऱ्याचा आणि विकत घेऊन वापरणाऱ्या संस्थेचा. ब्रिटिश सैन्यासाठी १९७० नंतरच्या काळात पुरविलेली घड्याळे याचे उत्तम उदाहरण होत. त्यांच्या तबकड्यांवर हॅमिल्टन, सीडब्ल्यूसी, न्यूमार्क व प्रेसिस्टा अशी चार निरनिराळी नावे आढळतात. परंतु झाकणावरील साठा-क्रमांक ९२४-३३०६ हा एकच, आणि आतील यंत्रही व्हालजू ७७३३ हे एकच. रुंद बाणाची खूण सरकारी मालकी दर्शविते. '६बीबी' हा संकेत हवाई दलाचा, तर '०५५२' हा नौदलाचा. शेवटी अनुक्रमांक, तिरकी रेघ आणि वर्षाचे दोन अंक येतात.

हीच तिरकी रेघ फ्रान्समध्ये वेगळ्या अर्थाने येते. फ्रेंच हवाई दलाच्या 'टाइप २०' प्रकारातील ब्रेगे घड्याळांवर '५१०१/५४' असे कोरलेले असते. यातील ५१०१ हा त्या एका घड्याळाचा अनुक्रमांक नव्हे. तो १९५४ च्या पुरवठा-कराराचा क्रमांक असून त्या करारातील सर्व घड्याळांना समान आहे. ब्रिटिश पद्धतीची सवय असलेला वाचक येथे हटकून चुकतो. 'एफ. जी.' या अक्षरांपुढील तारखाही निर्मितीच्या नव्हेत. ही अक्षरे 'हमीची समाप्ती' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे असून, दुरुस्तीनंतर दिलेली हमी कधी संपते, एवढेच त्या तारखा सांगतात. सारांश, चिन्ह एकच असले तरी त्याचा अर्थ त्या त्या संकेतव्यवस्थेत ठरतो.

नाटो साठा-क्रमांकात मात्र व्यवस्था समान असते. '६६४५' हा कालमापक उपकरणांचा वर्ग. त्यापुढील दोन अंक क्रमांक देणाऱ्या देशाचे: ९९ ब्रिटनचे, १२ जर्मनीचे, १४ फ्रान्सचे. म्हणूनच जर्मन सैन्याच्या हॉयर क्रोनोग्राफवर १२ आढळतात, जरी ते घड्याळ स्विस बनावटीचे असले तरी. या अंकांवरून निर्मितीचा देश ठरविणे हा उघड प्रमाद होय.

निर्मितीचे मूळ शोधण्यासाठी झाकण उघडावेच लागते. यंत्राच्या पाट्यावर, बहुधा बॅलन्स-चक्राच्या खाली किंवा शेजारी, यंत्र घडविणाऱ्याची खूण व प्रकार-क्रमांक ठोकलेला असतो. अमेरिकेत आयात झालेल्या स्विस यंत्रांवर तीन अक्षरांचा संकेत असतो: लाँजीनचा 'एलएक्सडब्ल्यू', ओमेगाचा 'ओएक्सजी', ब्राइटलिंगचा 'डब्ल्यूओजी'. तोही आयातीचा पुरावा आहे, जन्मस्थळाचा नव्हे.

सैनिकी अंकनाने किंमत वाढते. त्यामुळे साध्या झाकणावर मागाहून अक्षरे कोरण्याचे प्रकार घडतात. ताम्रपटाच्या परीक्षेत जो न्याय, तोच येथे. वापराने पडलेले जुने ओरखडे अक्षरांच्या खाचांवरून जात असतील, तर अक्षरे आधीची. अक्षरांची तीक्ष्ण कड ओरखड्यांना छेदत असेल, तर ती नंतरची. शिवाय अस्सल झाकणही दुसऱ्या घड्याळावर बसविता येते. म्हणून झाकण, यंत्र व तबकडी या तिन्हींची साक्ष स्वतंत्रपणे घ्यावी, आणि ती परस्परांशी जुळली तरच निर्णय द्यावा. जेथे ती जुळत नाही, तेथे वस्तूचे तुकडे अस्सल असूनही तिचा इतिहास बनावट असू शकतो.