उसनी ओळख

मृगाच्या सरी कोसळून काळी जमीन भिजली, पऱ्हाटीस दोन-चार पानें फुटलीं आणि निंदणाच्या बाया धुऱ्यावरून शेतांत उतरूं लागल्या, कीं आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत आणखी एका ऋतूस आरंभ होतो. पंचांगांत त्याचें नांव नाहीं. पण दवाखान्याच्या नोंदवहींत तो दरवर्षीं न चुकतां येतो. हा सर्पदंशाचा ऋतु होय. बिळांत पाणी शिरतें, उंदीर व बेडूक बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग साप बाहेर पडतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत मनुष्य अनवाणी पायांनीं, तणांत हात घालून, शेतांत वांकलेला असतो. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सुमारें १२ लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा हिशेब २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं.

परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें सापाविषयीं नव्हे. शरीर परक्यास कसें ओळखतें, आणि ती ओळख वेळेवर पटली नाहीं तर काय करावें, याविषयीं लिहावयाचें आहे. हा विषय आम्ही पुस्तकांत पुढें वाचला. प्रथम तो आमच्या घरच्या ओसरीवर आला.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्हां तिघां भावांचें कुटुंब तेव्हां एकत्र होतें आणि शेतीवर एक सालदार होता. आश्विनांतल्या एका संध्याकाळीं कडब्याची पेंढी उचलतांना त्याच्या घोट्यास घोणस चावली. आम्ही शाळेंत मुलांस आरोग्याचे नियम शिकविणारे. पण त्या वेळीं आम्हीं काय केलें? सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत दंशाच्या वर चार अंगुळांवर बंध बांधावा असें सांगितलें आहे, तें आठवून काथ्याची दोरी त्याच्या पोटरीस आवळली, आणि शेजारच्या गांवाहून मांत्रिक आणविण्यांत तीन तास घालविले. पाय सुजून खांबासारखा झाला, हिरड्यांतून रक्त झिरपूं लागलें, तेव्हां कोठें जीप मिळवून त्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं नेलें.

तेथील डॉक्टरांनीं त्याचें थोडेंसें रक्त एका स्वच्छ, कोरड्या काचनळींत घेतलें आणि नळी न हालवितां वीस मिनिटें उभी ठेविली. वीस मिनिटांनीं ती तिरपी केली तों रक्त पाण्यासारखें वाहिलें. निरोगी माणसाचें रक्त एवढ्या अवधींत दह्यासारखें विरजून बसतें. घोणसेच्या विषानें रक्तांतील गोठविणारीं द्रव्यें खर्ची घातल्यामुळें याचें बसलें नव्हतें. ही परीक्षा इतकी साधी आहे कीं तिला यंत्र लागत नाहीं, फक्त घड्याळ लागतें. मग प्रतिविषाच्या कुप्या शिरेंतून देण्यांत आल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं काचनळींतलें रक्त गोठलें. सालदार वांचला.

नवव्या दिवशीं मात्र त्यास पुन्हां ताप भरला, सांधे सुजले, अंगावर गांधी उठल्या. त्याची बायको आमच्यापुढें येऊन उभी राहिली. “गुर्जी, इख तं उतरलं होतं ना? मंग हे काय आलं आता?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तोच प्रश्न आम्हीं डॉक्टरांस केला. ते म्हणाले, “गुरुजी, विष उतरलेंच आहे. हा ताप विषाचा नव्हे. याच्या शरीरास घोड्याची ओळख पटली आहे.”

हें वाक्य आम्हांस त्या वेळीं कोडें वाटलें. तें उलगडण्यास आधीं शरीराची ओळखण्याची रीत पाहिली पाहिजे.

सर्पविष हा एक पदार्थ नव्हे. तें अनेक प्रथिनांचें मिश्रण आहे. प्रत्येक प्रथिनाचा पृष्ठभाग उंचवट्यांनीं व खळग्यांनीं भरलेला असतो, आणि शरीर परक्यास ओळखतें तें या आकारावरून. ज्या परक्या द्रव्यामुळें शरीर असें जागें होतें त्यास प्रतिजन म्हणतात, आणि त्याच्या आकारावर नेमकें बसेल असें जें प्रथिन शरीर घडवितें त्यास प्रतिपिंड म्हणतात. सर्वांचा समज असा असतो कीं शत्रु आला म्हणजे त्याचें माप घेऊन शरीर हत्यार घडवीत असावें. खरा प्रकार उलटा आहे. आमच्या आजीच्या कमरेस किल्ल्यांचा एक मोठा जुडगा असे. त्यांतल्या निम्म्या किल्ल्यांचीं कुलपें घरांत कोठेंच नव्हतीं. शरीराचें कोठार तशाच प्रकारचें आहे. अस्थिमज्जेंत जन्मणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींपैकीं प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एकाच आकाराची किल्ली घेऊन निघते. तिला जुळणारें कुलूप जगांत आहे कीं नाहीं, याची तिला वार्ताही नसते.

इतक्या असंख्य किल्ल्या येतात कोठून? उपसर्ग, धातु आणि प्रत्यय मोजकेच असले तरी त्यांच्या जुळणीनें संस्कृतांत शब्दांची केवढी सृष्टि उभी राहते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. या पेशीही जनुकांचे मोजके तुकडे निरनिराळ्या तऱ्हेनें जोडून आपापली किल्ली बनवितात. जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनीं १९७६ सालीं हें सिद्ध केलें, व त्याबद्दल १९८७ चें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. ज्या किल्ल्या आपल्याच शरीराच्या कुलपांस लागतात त्यांच्या पेशी बहुतेक बालपणींच बाद केल्या जातात. उरलेल्या रक्तांत व लसिका-ग्रंथींत फिरत राहतात. एखादे दिवशीं परका प्रतिजन येतो, लक्षावधींतल्या थोड्याशा पेशींस तो जुळतो. साहाय्यक जातीच्या दुसऱ्या पेशी त्या ओळखीस दुजोरा देतात, आणि मग ती निवडलेली पेशी दुणावत दुणावत आपल्या वंशाचें सैन्य उभें करते. ऑस्ट्रेलियाचे मॅक्फार्लेन बर्नेट यांनीं १९५७ सालीं ही उपपत्ति मांडली. सैन्य उभें राहून प्रतिपिंडें पुरेशीं तयार होण्यास पहिल्या खेपेस आठवडा-दीड आठवडा लागतो. युद्ध संपल्यावर कांहीं पेशी स्मृति जतन करून मागें राहतात, म्हणून दुसऱ्या खेपेस तोच शत्रु लौकर ओळखला जातो.

देवी, गोवर यांसारख्या रोगांत ही योजना उत्तम चालते, कारण रोगालाही वाढावयास दिवस लागतात. घोणस तेवढी सवड देत नाहीं. तिचें विष कांहीं तासांत आपलें काम उरकतें. सालदाराच्या शरीरांत त्या विषास जुळणारी किल्ली नव्हती असें नाहीं. ती सांपडून तिचें सैन्य उभें राहीपर्यंत तोच उरला नसता. म्हणून ही ओळख उसनी आणावी लागते, आणि ज्याच्याकडून ती आणावयाची तो सावकार म्हणजे घोडा.

घोड्यास प्रथम अत्यल्प विष टोचतात, मग महिनोन्‌महिने मात्रा चढवीत नेतात. मोठें अंग आणि भरपूर रक्त असल्यामुळें तो हें सोसतो, व त्याच्या रक्तांत विषास ओळखणारीं प्रतिपिंडें सांठतात. मग ठराविक रक्त काढून त्यांतील तांबड्या पेशी घोड्यास परत देतात, आणि उरलेल्या पिवळसर द्रवांतून प्रतिपिंडें वेगळीं करतात. प्रतिपिंडाचा आकार दोन हात पसरलेल्या माणसासारखा असतो. विषास धरतात ते हात. आपल्याकडे पेप्सिन नांवाच्या पाचक द्रव्यानें त्याचा धडाकडील भाग तोडून हातांची जोडी तेवढी ठेवतात, म्हणजे घोड्याचा परकेपणा कांहींसा कमी होतो. मुंबईस परळच्या जुन्या राजभवनांत १८९९ सालीं ज्या प्लेगच्या प्रयोगशाळेचें बिऱ्हाड गेलें, व जिला १९२५ सालीं तिच्या संस्थापकाचें, म्हणजे हाफकिन यांचें, नांव देण्यांत आलें, त्या संस्थेचें नांव महाराष्ट्रांत या औषधाशीं पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलें आहे.

या विद्येच्या आरंभीं एक मोठी चूक झाली, ती सांगण्याजोगी आहे. फ्रान्सचे आल्बेर कॅल्मेत यांनीं १८९४-९५ च्या सुमारास नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलें आणि तें सर्वच सापांवर चालेल असें प्रतिपादन केलें. ऑस्ट्रेलियांत मार्टिन यांनीं व आपल्याकडे जॉर्ज लँब यांनीं लौकरच दाखवून दिलें कीं, नागाची किल्ली घोणसेच्या कुलपास लागत नाहीं. येथें आम्हांस पुन्हां सुश्रुत आठवतो. दर्वीकर, मंडली आणि राजिमान् अशी सविष सर्पांची त्यानें केलेली विभागणी आजच्या नाग, घोणस व मण्यार या भेदाशीं पुष्कळ जुळते, आणि प्रत्येकाच्या विषाचीं लक्षणें निराळीं हेंही त्यानें जाणलें होतें. ज्या ग्रंथांतून आम्हीं दोरी तेवढी उचलली, त्याच ग्रंथांतला हा भेद आम्हीं त्या संध्याकाळीं आठविला असता तर बरें झालें असतें. आजचें भारतीय प्रतिविष या तिघांच्या व फुरशाच्या, अशा चार विषांवर एकदम घोडा तयार करून बनवितात. म्हणून साप मारून दवाखान्यांत नेण्याची आतां गरज नाहीं.

मात्र उसन्या ओळखीसही मर्यादा आहेत. एक मिलिलिटर प्रतिविष घोणसेचें ०·६ मिलिग्रॅम विष निकामी करतें. घोणस एका दंशांत सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. शाळेंतल्या मुलासही हिशेब करतां येईल: दहा मिलिलिटरच्या दहा कुप्या दिल्या तर ६० मिलिग्रॅमचा बंदोबस्त होतो. आरंभीं आठ ते दहा कुप्या देतात त्या यामुळेंच. मण्याराच्या विषांतील कित्येक प्रथिनें इतकीं लहान असतात कीं घोड्याचें शरीरही त्यांना पाहून पुरतें जागें होत नाहीं. शिवाय प्रतिविषासाठीं लागणारें बहुतेक विष चेन्नईजवळील इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतें. तामिळनाडूंतला साप आणि दुसऱ्या प्रांतांतला त्याच जातीचा साप यांच्या विषांत फरक असतो, व त्या मानानें प्रतिविष कोठें कमी कोठें अधिक लागू पडतें, असें बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं अलीकडे दाखविलें आहे. निरनिराळ्या प्रांतांतलें विष घेऊन प्रतिविष करावें, हा त्यांचा आग्रह आम्हांस रास्त वाटतो.

घरांतल्या स्त्रिया विचारतात, मग मुलांस आधींच टोचून कां ठेवीत नाहींत? कारण नुसती स्मृति येथें पुरत नाहीं. आठवण होऊन सैन्य जमण्यास तिलाही कांहीं दिवस लागतात. भरपूर प्रतिपिंडें सदैव रक्तांत तयार ठेवावयाचीं तर चारही विषें जन्मभर पुनःपुन्हां टोचावीं लागतील. मुंगसाचें उदाहरण कोणी देतो. मुंगूस कसलीशी मुळी खाऊन येतें ही कथा आम्हींही लहानपणीं ऐकली. पण त्याचें रहस्य मुळींतही नाहीं आणि प्रतिपिंडांतही नाहीं. नागाचें विष स्नायूंवरील ज्या जागीं जाऊन बसतें, ती जागाच मुंगसाच्या शरीरांत थोडी निराळी घडलेली आहे.

आतां नवव्या दिवसाचा ताप. प्रतिविष विषास ओळखतें खरें, पण तें स्वतः घोड्याचें प्रथिन, म्हणजे मनुष्यशरीराच्या दृष्टीनें परकाच प्रतिजन. सालदाराच्या शरीरांतल्या ज्या यंत्रणेस घोणसेविरुद्ध सवड मिळाली नव्हती, तिला घोड्याविरुद्ध ती मिळाली. पहिल्या दिवसापासून तिनें किल्ली शोधली, सैन्य उभारलें, आणि आठ-नऊ दिवसांनीं, अगदीं नेमानें, तें बाहेर पडलें. प्रतिपिंड व प्रतिजन यांचीं जुळीं रक्तवाहिन्यांत व सांध्यांत जाऊन बसलीं, तीच ती सूज. व्हिएन्ना येथील पिर्के व शिक यांनीं १९०५ सालीं या रक्तजल-व्याधीचें वर्णन केलें आहे. तो औषधानें आठवड्यांत बरा झाला. याहून भयंकर प्रतिक्रिया पहिल्या तासाभरांतही येऊं शकते. तिचीं सर्वच कारणें या ओळखींत नाहींत. तिच्यासाठीं डॉक्टर अॅड्रिनॅलिन हाताशीं ठेवूनच प्रतिविष सुरू करतात. म्हणूनच हें औषध घरीं आणून टोचण्याचें नव्हे.

पोटरी मात्र पूर्ववत् झाली नाहीं. आवळलेल्या दोरीनें मांस कुजविणारें विष तेथेंच कोंडलें गेलें, आणि त्याचा तो पाय आजही ओढत चालतो. तो दोष विषाचा जितका, तितकाच आमचा. आजचे डॉक्टर सांगतात कीं बांधूं नये, चिरूं नये, चोखूं नये. हातपाय मोडल्यावर जसा फळीस टेकवितात तसा दंशाचा अवयव स्थिर ठेवावा आणि मिळेल त्या वाहनानें दवाखाना गांठावा. जमिनीवर निजणाऱ्यांनीं मच्छरदाणी गादीखालीं खोंचून निजावें, कारण मण्यार रात्रीं अंथरुणांत येतो आणि त्याचा दंश कित्येकदां जाणवतही नाहीं. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, आणि घरचीं माणसें अपचन समजून ओवा देत बसतात. केंद्र सरकारनें २०२४ सालीं सर्पदंशाचे मृत्यु २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली आहे.

सालदारास घरीं सोडतांना डॉक्टरांनीं एका कागदावर लिहून दिलें होतें कीं, यास अमुक तारखेस घोड्याचें प्रतिविष दिलें असून नवव्या दिवशीं प्रतिक्रिया आली. पुन्हां दंश झाल्यास प्रतिविष द्यावेंच, परंतु सावधगिरीनें. तो कागद त्याच्या बायकोनें रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या डब्यांत ठेविला आहे. गेल्या नागपंचमीस आम्ही त्याच्या घरीं गेलों होतों. तिनें डबा उघडून कागद आमच्या हातीं दिला आणि म्हणाली, “गुर्जी, अक्षर पुसून चाललं जी. दुसऱ्यावर उतरवून द्या.” आम्हीं ओसरीवर बसून त्याची स्वच्छ नक्कल करून दिली, आणि दोन्ही कागद एकत्र घडी घालून डब्यांत ठेवावयास सांगितले.