सोयाबीनच्या पट्टीतला लेकीचा वाटा

शिकवणी, मेस आणि खोलीभाड्याचा आकडा ऐकला की नांदेड-लातूरकडची घरं आधी चहा-साखरेवर हात आखडतात. रोजचे 50 रुपये वाचले तर वर्षाला 18,250 होतात, हा हिशोब खरा आहे. पण ते वेगळे काढले नाहीत तर डब्यातला पैसा आहेरात नाहीतर दवाखान्यात जातो. मुळात शेतकरी घरात पैसा रोज येत नाही. सोयाबीनची पट्टी हाती पडते तेव्हा येतो. म्हणून बचतही त्याच दिवशी, आडतीवरून थेट पोस्टात व्हावी. मुलगी 10 वर्षांच्या आतली असताना सुकन्या समृद्धी खातं काढलं, तर वर्षातून एकदा भरलं तरी चालतं आणि ती 18 वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते.

कापायला उरलंय काय, असं कुणी विचारेल. ताटातलं कापूच नये. वाढत्या लेकराचं दूध-वरण तोडून केलेली बचत मला मान्य नाही. कापायची ती उधारी. दुकानदाराच्या वहीत पावशेर-पावशेरनं चढलेली डाळ महागच पडते. घरची तूर भरडून वर्षाची डाळ भरून ठेवली, की वहीतली ती ओळच जाते. भाव पडलेल्या साली एवढी बचतही जमणार नाही. तेव्हा खातं चालू राहण्यापुरते 250 रुपये भरावेत.