बाळाच्या कपाळावरचा लाल डाग

बारशाच्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना कपाळावर एक फिकट लाल ठिपका दिसतो. डास चावला असेल म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही. बाळ दोन महिन्यांचं होईतो त्याच जागी स्ट्रॉबेरीसारखा लालभडक, खरबरीत उंचवटा आलेला असतो. मग घरात आईची उलटतपासणी सुरू होते: ग्रहण पाळलं नव्हतंस का? पोटुशी असताना काय खाल्लंस?

आईचा यात काडीचाही दोष नाही. याला हिमँजिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी एका जागी भराभर वाढतात आणि बारीक रक्तवाहिन्यांचा दाट पुंजका तयार होतो. १०० बाळांमागे साधारण ४ ते ५ जणांना तो होतो. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जास्त.

गाठ म्हटलं की कॅन्सरची भीती वाटते. पण ही गाठ कॅन्सरची नाही, ती शरीरात इतरत्र पसरत नाही. पहिल्या ३ महिन्यांतच तिची बहुतेक वाढ उरकते. मग ती मधून राखाडी पडत मावळू लागते. साधारण चौथ्या वर्षापर्यंत मावळणं बहुतेक पुरं होतं. कधी सैल त्वचा किंवा पुसट खूण मागे राहते.

म्हणूनच "आपोआप जाईल, थांबा" हा सल्ला सर्रास दिला जातो. बहुतेक बाळांच्या बाबतीत तो खरा ठरतो, पण काहींना महाग पडतो. पापणीवरच्या गाठीने डोळा झाकला तर नजर कायमची अधू होऊ शकते. ओठावर किंवा लंगोटाच्या जागी ती फुटून जखम होते, बाळ कळवळतं. हनुवटी-जबड्यावर पसरली असेल तर श्वासनलिकेतही असू शकते. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. अंगावर ५ किंवा अधिक डाग असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात.

उपाय सापडला तो योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दो इथे एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध दिलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या नाकावरची गाठ मऊ पडू लागली. २००८ साली डॉक्टरांनी हे प्रसिद्ध केलं आणि उपचारच बदलले. मात्र या औषधाने बाळाची साखर उतरू शकते. म्हणून ते डॉक्टरांच्याच देखरेखीखाली, दूध पाजून द्यायचं. चुना, झाडाचा चीक किंवा डागणं यांनी कोवळ्या कातडीवर फक्त जखम होते.

जन्मतःच असलेला, सपाट, जांभळट-लाल डाग मात्र वेगळा. सोव्हिएत संघाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर होता तसा. तो मावळत नाही.

घरातल्या बाळाच्या अंगावर असा ठिपका दिसला तर आठवड्याला एक फोटो काढून ठेवा. आणि तो वाढत असेल तर पहिल्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.