तीस अंशांतली चोरवाट

आयडा ही चिमुकली राजकन्या. पांढरा झगा, डोक्यावर पांढरी टोकदार टोपी. तिला पलीकडच्या दाराशी जायचंय आणि मधली वाट तुटलेली. आपण बोटानं एक चाक फिरवतो. पुलाचा तुकडा गोल फिरतो, त्याचं टोक समोरच्या सज्जाला टेकल्यासारखं दिसतं आणि आयडा खुशाल त्यावरून चालत जाते. तो सज्जा खरं तर कितीतरी मागे आणि खाली असतो. पण ‘मॉन्युमेंट व्हॅली’त जे जुळलेलं दिसतं, ते जुळलेलंच असतं.

लंडनच्या ‘अस टू गेम्स’नं २०१४ मध्ये आणलेला हा मोबाइलवरचा गेम. पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवल्यामुळे त्यातली करामत मला चटकन ओळखू आली: हा तर आपला आयसोमेट्रिक व्ह्यू! टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन ज्यांनी शीटवर ठोकळे काढलेत, त्यांना आठवेल. उभ्या कडा उभ्याच, आडव्या कडा तीस अंशांत कललेल्या. रेल्वेचे रूळ लांबवर एकमेकांकडे झुकलेले दिसतात, तसं इथे होत नाही. समांतर रेषा समांतरच राहतात, मागची वीट पुढच्या विटेएवढीच दिसते. त्यामुळे या कडांवर पट्टी ठेवून मापं घेता येतात. गोम अशी, की कागदावरचा एखादा बिंदू जवळचा की लांबचा, हे नुसत्या या चित्रावरून ठरवता येत नाही. म्हणून तर पोरांकडून फ्रंट, टॉप आणि साइड व्ह्यूही काढून घ्यायचे.

याच गोमेचा फायदा उठवत लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांनी १९५८ मध्ये ‘अशक्य त्रिकोण’ आणि कधीच न संपणारा जिना मांडला. डच चित्रकार एशर यांनी त्यावरून १९६१ मध्ये ‘वॉटरफॉल’ काढला. त्यात पाटातून वाहत गेलेलं पाणी पुन्हा आपल्याच उगमावर कोसळतं. ‘मॉन्युमेंट व्हॅली’चे डिझायनर केन वाँग यांची प्रेरणा हेच एशर. फरक इतकाच, की इथे चित्रातला जिना आपल्याला हातानं फिरवता येतो.

दहा प्रकरणांतलं मला सर्वांत आवडलेलं ‘द बॉक्स’. एक नक्षीदार पेटी. झाकण एका बाजूनं उघडलं की आतून महाल निघतो. मिटून दुसऱ्या बाजूनं उघडलं की भलतंच काही. वाटेत काळे कावळे आडवे येतात, पण अंगावर कर्कश ओरडण्यापलीकडे काही करत नाहीत. आयडा कड्यावरून पडत नाही, मरत नाही. गुण नाहीत, वेळेची मर्यादा नाही. चाक फिरवताना सूर उमटतात, तेही ऐकत बसावेसे वाटतात.

डोकं तापवणारी कोडी हवी असतील, तर मात्र हा गेम सोपा वाटेल. दोनेक तासांत संपतोही. २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात रो नावाची आई आणि तिची लेक आहे. आधी दोघी बरोबरीनं चालतात, मग लेक आपली वाट धरते.

खेळताना अडलात, तर उत्तर शोधायला यूट्यूबवर जाऊ नका. आयडावरची नजर काढून कडांकडे बघा आणि चाक सावकाश फिरवा. कुठली कड कुठे जाऊन टेकतेय, एवढं दिसलं की वाट सापडली.