मेंदूलहरी, शिरोधारा आणि परीक्षार्थी

परीक्षा जवळ आल्या की अमरावती-अकोल्याकडील पालक आम्हां वैद्यांना हमखास विचारतात, ‘शिरोधारेने मुलाच्या अल्फा लहरी वाढतील ना?’ उत्तर देताना सावधगिरी हवी.

हान्स बर्गर या जर्मन चिकित्सकाने १९२४ साली मानवी मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम नोंदविल्या. सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची अल्फा लहर निवांत बसून नुसते डोळे मिटले तरी उमटते. डोळे उघडून गणित सोडवू लागताच ती मावळते. म्हणजे अभ्यासाच्या ऐन क्षणी ती बहुधा नसतेच! दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व सिंग यांनी १९६१ मध्ये योग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. दोन योग्यांचे हात ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तास व अधिक काळ बुडालेले असताही त्यांची अल्फा लहर अभंग राहिली. चित्तस्थैर्याचा हा विलक्षण पुरावा होय, बुद्धिवृद्धीचा नव्हे.

शिरोधारेने रुग्ण विसावतो, पुष्कळांना झोपही लागते. विद्यार्थ्याचा खरा लाभ तेथेच आहे. गाढ निद्रेतील मंद डेल्टा लहरींच्या काळात दिवसाचे पाठांतर स्मृतीत स्थिरावते. चरकसंहितेत निद्रा त्रयोपस्तंभांपैकी एक मानली आहे, हे वाचकांस सांगणे नलगे. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे शिकवणीस धावणाऱ्या मुलास झोपेचे तास न विचारता ब्राह्मी घृत लिहून देणे आम्हांस उचित वाटत नाही. रुग्णपत्रिकेत तो प्रश्न सर्वांआधी यावा, आणि शिरोधारा योजायचीच तर ती निद्रानाशासाठी योजावी; पालकांनाही तसेच स्पष्ट सांगावे.