‘साहेबांनी बोलावलंय’ हे समन्स नव्हे

“पोलीस स्टेशनमधून फोन आला होता. साहेबांनी संध्याकाळी बोलावलंय. कशाला ते सांगितलं नाही. जावं लागेल ना?”

विचारणारे बदलतात, पण प्रश्न अगदी शब्दशः हाच असतो. त्या शेवटच्या ‘ना?’मध्ये उत्तरही असतं. जावं लागणार हे त्यांनी धरलेलंच असतं. मी फक्त दुजोरा द्यायचा असतो.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ६३. अनामत रकमेवरून त्यांचं भाडेकरूशी बिनसलं आणि भाडेकरूने पोलीस ठाण्यात अर्ज दिला. मास्तर सलग चार संध्याकाळ ठाण्याच्या बाकावर बसून आले. रोज सहाला हजर, रोज “साहेब राउंडला गेलेत, बसा.” चौथ्या दिवशी एका हवालदाराने आपुलकीने सांगितलं, “मास्तर, देऊन टाका पैसे. म्हातारपणी कशाला कोर्टकचेऱ्या?” गुन्हा दाखल नव्हता, नोटीस नव्हती, कोणी जबाबही घेतला नव्हता. मी विचारलं, गेलात कशाला? तर मास्तर, ज्यांनी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, ते म्हणाले, “पोलिसांनी बोलावलं की जावंच लागतं. कायदाच आहे तसा.”

कायदा तसा नाही. आज नाही आणि १ जुलै २०२४ पूर्वी जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता होती तेव्हाही नव्हता.

आता लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ (जुनं कलम १६०) नीट वाचा. गुन्ह्याचा तपास करणारा अधिकारी, त्या प्रकरणाची माहिती असेल असं दिसणाऱ्या माणसाला, लेखी आदेशाने हजर राहायला सांगू शकतो. इथला एकेक शब्द मोलाचा आहे. ‘तपास’ म्हणजे गुन्हा नोंदलेला हवा. ‘लेखी’ म्हणजे फोन नव्हे, बीट अंमलदाराने टपरीवर दिलेला निरोप नव्हे आणि गावात पोलीस पाटलाने दारात उभं राहून “उद्या जाऊन या” म्हणणंही नव्हे. शिवाय तो माणूस त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला हवा. नागपूरच्या ठाण्यातून पुण्यातल्या साक्षीदाराला “उद्या सकाळी या” असं या कलमाखाली फर्मावता येत नाही.

त्याच कलमाचं परंतुक तर मास्तरांसाठीच लिहिल्यासारखं आहे. १५ वर्षांखालचे मुलगे, ६० वर्षांवरचे पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि गंभीर आजारी माणूस यांना त्यांच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. विचारायचं असेल तर पोलिसांनी घरी यायचं. स्वतःहून ठाण्यात यायची तयारी असेल तर येता येतं, पण ती मर्जी त्या माणसाची. जुन्या कायद्यात ही वयाची अट ६५ होती, नव्या कायद्याने ती ६० वर आणली. म्हणजे ६३ वर्षांच्या मास्तरांना साक्षीदार म्हणून लेखी नोटीस काढूनही ठाण्यात बोलावता आलं नसतं. ते मात्र एका फोनवर चार दिवस गेले.

हे पुस्तकातलं झालं, प्रत्यक्षात कोण पाळतो, असं कोणीतरी म्हणणारच. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना १९७७ मध्ये कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात चौकशीसाठी बोलावलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्त्रीला ठाण्यात बोलावणं हा कायद्याचा सरळ भंग आहे असं बजावलं. स्वतःला गुंतवणाऱ्या प्रश्नावर गप्प राहण्याचा हक्क आणि चौकशीच्या वेळी वकील जवळ असण्याचा मुद्दा याच निकालाने ठळक केला. माजी मुख्यमंत्र्यांना हे भोगावं लागलं म्हटल्यावर मास्तरांचं काय, असं वाटेल. पण २०१३ मध्ये दंडसंहितेत एक कलम घातलं गेलं. ते आज भारतीय न्याय संहितेचं कलम १९९ आहे. तपासासाठी कोणाला कुठे बोलावू नये हे कायद्याने सांगितलेलं असताना जाणूनबुजून ते मोडणाऱ्या लोकसेवकाला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आणि दंड. घरातल्या आजींना “ठाण्यात आणून सोडा” म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा नाही, तो गुन्हा ठरू शकतो. कलम १९९ ठाण्यातल्या किती भिंतींवर लिहिलेलं असेल, ते मी वाचकांवर सोडतो.

“पण व्हॉट्सॲपवर नोटीस आलीय, शिक्क्यासकट!” ही या गैरसमजाची ताजी आवृत्ती. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं, की पोलिसांनी अशा नोटिसा व्हॉट्सॲप किंवा इतर इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नयेत, संहितेत सांगितलेल्या रीतीनेच बजावाव्यात. त्या वर्षी जुलैत हरियाणाने यात सूट मागितली, तीही नाकारली गेली. कोर्टाच्या समन्सची गोष्ट वेगळी आहे, ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकतात. दोन्हींची गल्लत करू नका.

आता उलट बाजू. कारण हे वाचून कोणीतरी छाती काढून “जा, नाही येत” म्हणणार आणि मग मला फोन करणार.

रीतसर लेखी नोटीस हातात पडली तर जायलाच हवं. कलम १७९ च्या नोटिशीला कारण नसताना दांडी मारली तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरी नोटीस याहून गंभीर, कलम ३५(३) ची, जिला वकीलमंडळी अजून सवयीने ‘४१-अ’ म्हणतात. ती संशयिताला येते. अटकेची गरज वाटत नसेल तेव्हा अटकेऐवजी ही नोटीस द्यायची असते. तिच्याप्रमाणे वागलात तर साधारणपणे अटक करता येत नाही, करायची झाली तर कारणं लिहावी लागतात. पण ती धुडकावली तर अटकेचं कारण तुम्ही स्वतःच पुरवलेलं असतं. ३५(३) ची नोटीस आली की त्याच दिवशी वकील गाठा. अटकपूर्व जामीन मागायचा की नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवायचं काम नव्हे.

म्हणजे फोन आल्यावर भांडायचं नाही, विचारायचं. “साहेब, आपलं नाव आणि हुद्दा सांगता का? बक्कल नंबर? गु. र. नं. किती? मला साक्षीदार म्हणून बोलावताय की आरोपी म्हणून? नोटीस पाठवा, मी सहकार्य करतो.” एवढं शांतपणे विचारलं, की निम्मे फोन तिथेच थंडावतात, असा माझा अनुभव. कधी फोन आला, कोणी केला, काय म्हणाले, ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. मग पोलीस निरीक्षकांच्या नावे चार ओळींचा अर्ज स्पीड पोस्टाने धाडा: अमुक वाजता असा फोन आला, लेखी नोटीस मिळाल्यास मी हजर राहीन. ज्याला बोलावलंय ती व्यक्ती साठीपुढची किंवा बाई असेल तर “चौकशीसाठी घरी यावे” हेही लिहा. पोस्टाची पावती जपा. (पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यातून फोन आला तर हे सगळं करत बसू नका. तिथे गरज तुमचीच आहे.)

मास्तरांच्या प्रकरणात आणखी एक मेख होती, ती म्हणजे ‘अर्ज’. आपल्याकडच्या अर्ध्या छळाचं मूळ या दोन अक्षरांत आहे. उसने पैसे, अनामत, सामाईक भिंत, शेताचा बांध, भावकीतली वाटणी, हे सगळे वाद दिवाणी. पण दिवाणी कोर्टात वर्षं जातात, म्हणून लोक ठाण्यात अर्ज देतात आणि ठाणं ‘अर्ज चौकशी’च्या नावाखाली समोरच्याला बोलावत राहतं. गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरवण्यापुरती प्राथमिक चौकशी पोलीस करू शकतात. ललिता कुमारी प्रकरणाच्या २०१३ च्या निकालाने काही प्रकारांत ती मान्य केली आहे, नव्या संहितेतही तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची मुभा आहे. पण चौकशी करणं वेगळं आणि बाकावर बसवून पैसे वसूल करून देणं वेगळं. अनामत किती परत करायची हे ठरवायचा अधिकार ठाणे अंमलदाराला कोणत्याच कायद्याने दिलेला नाही. ‘मिटवून टाका’ हा सल्ला असेल, आदेश नव्हे. आणि खरं सांगायचं तर इथे दोष एकट्या पोलिसांचा नाही. अर्ज देणारे आपणच असतो, आणि आपला अर्ज असला की हेच बोलावणं आपल्याला ‘तत्पर कारवाई’ वाटतं.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो.

“जबाबावर सही केलीच पाहिजे.” उलट आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर देणाऱ्याची सही घेऊ नये, असं कलम १८१ सांगतं. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

“पोलिसांपुढे कबूल केलं की संपलं.” पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३.

“ठाण्यात मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर गोपनीयता कायदा लागतो.” पोलीस ठाणं हे शासकीय गोपनीयता कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात म्हटलं आणि गुन्हा रद्द केला.

“ठाण्यात काय झालं ते सिद्ध कसं करणार?” परमवीर सिंह सैनी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा, ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर मग लेखी द्यावं लागतं.

“अटकेचं कारण नंतर कळतं.” ते तेव्हाच सांगायचं असतं. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत. लगेच शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. घरच्यांना कळवणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं हे तर जुनंच बंधन.

“स्त्रीला रात्री कधीच अटक होत नाही.” अगदीच ‘कधीच’ नाही. सूर्यास्त ते सूर्योदय अटक अपवादात्मक स्थितीतच करता येते, तीही महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घेऊन.

“डिजिटल अरेस्ट.” असलं काही भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा.

“मोठ्याने बोललात की सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा.” त्या कलमाला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसती हुज्जत पुरत नाही. तरी आवाज खाली ठेवा आणि हात खिशात.

राहिली तक्रार. “पोलिसांची तक्रार पोलिसांकडेच करायची, मग न्याय कसला?” हा त्रागा मला समजतो, पण तो पूर्ण खरा नाही. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली, अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी, घर-जमीन बळकावणं अशा तक्रारी तिथे जातात. राज्य मानवी हक्क आयोगही आहे. तिथे शुल्क नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आणि आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. ठाण्याने तुमची फिर्यादच घेतली नाही तर आधी पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी, मग दंडाधिकारी, कलम १७५(३). कोणाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर या पायऱ्या चढत बसू नका, थेट उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस.

मास्तरांनी पाचव्या दिवशी ते पत्र पाठवलं. घरी कोणी आलं नाही, फोनही पुन्हा आला नाही. भाडेकरूने आता दिवाणी दावा लावलाय, आणि त्यात मास्तर बहुधा हरतील, कारण अनामत परत द्यायची होती हे खरंच आहे.

“वकील परवडत नाही” एवढं एकच कारण उरतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. फोन यायच्या आधी मोबाइलमध्ये घालून ठेवा.