पाहुण्यांचे निवासस्थान आणि यजमानाची विहीर

पाहुणा यावयाचा म्हटला की पूर्वी घरात प्रथम पाणी भरून ठेवले जाई. पाहुणचार हा धर्म होता तेव्हाची ही गोष्ट. आता तो व्यवसायही झाला आहे. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि त्यानंतर कोकणच्या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी निवासस्थाने वाढत गेली. त्यांपैकी अनेकांच्या दारावर ‘पर्यावरणस्नेही’ अशी पाटी असते. परंतु गवताचे छप्पर आणि बांबूच्या खुर्च्या एवढ्यावरून ती पाटी खरी ठरत नाही. ती खरी की खोटी हे ठरविण्यास तीन साधे प्रश्न पुरेत: हे घर थंड कसे राहते, त्याला पाणी कोठून मिळते, आणि ते जमिनीवर कसे उभे आहे?

प्रथम उष्म्याचा विचार करू. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वांत अधिक ऊन छपरावर पडते. त्या खालोखाल सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पूर्वेच्या व पश्चिमेच्या भिंतींना तापविते. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे या दोन बाजूंना आखूड भिंती येतात. येथे एक आक्षेप येण्यासारखा आहे. समुद्र पश्चिमेस आणि दुपारचा वाराही तिकडूनच. मग ती बाजू बंद कशी ठेवावी? याचे उत्तर आपल्या जुन्या घरांतच आहे. पश्चिमेला खोल पडवी काढली आणि छप्पर पुरेसे खाली उतरविले की वारा आत येतो व ऊन बाहेर राहते.

देशावरच्या जाड भिंतीचे कौतुक कोकणात जसेच्या तसे चालत नाही. कोरड्या प्रदेशात दिवसाची उष्णता भिंत पोटात घेते आणि रात्रीच्या गारव्यात सोडून देते. किनाऱ्यावर हवा दमट. रात्रही फारशी थंड होत नाही. तेथे जाड भिंत ऊन लागून तापली तर ती उष्णता निजण्याच्या वेळी खोलीत येते. दमट हवेत माणसाला गारवा देणारी गोष्ट म्हणजे अंगावरून वाहणारा वारा, कारण त्यानेच घाम वाळतो. म्हणून भिंती सावलीत असाव्यात, खिडक्या समोरासमोर असाव्यात, आणि कौलांखाली माळा व त्यातून गरम हवा निघून जाण्यास वाट असावी. उघड्या गच्चीचा सपाट स्लॅब मात्र मध्यरात्रीपर्यंत डोक्यावर तापत राहतो.

एवढे केल्यावर विजेचा हिशेब सोपा होतो. नव्या पद्धतीचा काटकसरी पंखा सुमारे 30 वॅट घेतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालू असताना सुमारे 1500 वॅट. म्हणजे एका यंत्राच्या विजेत 50 पंखे फिरतात! यंत्र हवेच असेल तर ते एका लहान, नीट बंद होणाऱ्या खोलीपुरते असावे आणि 24 अंशांवर ठेवावे.

आता पाणी. कोकणात पाऊस वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडतो. पण जांभा दगड सच्छिद्र, जमीन उताराची. पाणी झिरपून समुद्राला मिळते आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. नेमका तोच सुट्टीचा हंगाम! 2019 पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसासाठी दिवसाला 55 लिटर हे प्रमाण धरले आहे. शहरासाठीचे प्रमाण 135 लिटर आहे. शहरातला पाहुणा आपली सवय बरोबर घेऊन येतो आणि ती शेजाऱ्याच्या विहिरीतून पुरविली जाते. समुद्राजवळ उपसा वाढला तर विहिरीत खारे पाणी शिरते. ते लवकर हटत नाही.

पाऊस साठविला तर काय होईल? 50 चौरस मीटर छपरावर वर्षाला दीड लाख लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा भाग वाया गेला तरी 1,20,000 लिटर उरते. दोन पाहुणे रोज 135 लिटरप्रमाणे 240 कोरडे दिवस राहिले, तर 64,800 लिटर लागतील. तेव्हा पाणी आहे. अडचण टाकीची आहे. अडीच मीटर खोल टाकी केली तर तिचा तळ जवळजवळ 26 चौरस मीटर, म्हणजे छपराच्या अर्ध्याहून मोठा होतो. तात्पर्य, नकाशात प्रथम टाकी काढावी व तिच्या मानाने खोल्या ठरवाव्यात. वापर 90 लिटरवर आणला तर टाकी एकतृतीयांशाने लहान होते, आणि न्हाणीघराचे पाणी माडांना सोडता येते.

जमिनीच्या प्रश्नासाठी श्रीलंकेतील कंदलामा येथील हॉटेलाचे उदाहरण घेऊ. वास्तुशिल्पी जेफ्री बावा यांनी ते एका प्राचीन तलावाच्या काठी, कड्याला लागून रचले. 1994 साली ते पूर्ण झाले. तलावाच्या काळजीपोटी परिसरातील लोकांनी आधी त्याला मोठा विरोध केला होता. बावांनी इमारत खांबांवर उचलली, त्यामुळे डोंगरावरचे पाणी तिच्या खालून वाहते. खडक फोडण्याऐवजी आत येऊ दिला, गच्चीवर व दर्शनी भागावर झाडे वाढविली. विशेष हे की वाटा व दालने उघडी ठेवून केवळ बंद खोल्याच यंत्राने थंड केल्या.

हे सारे खर्चाचे आहे, असे कोणी म्हणेल. टाकी खर्चाची आहेच. परंतु मे महिन्यात टँकर मागविणे हाही खर्चच आहे, आणि खारावलेल्या विहिरीचा खर्च तर जो मालकच नाही त्याच्या माथी बसतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की अशा निवासस्थानास परवानगी मागितली जाईल तेव्हा गावाने नकाशाबरोबर दोन आकडे मागावेत: दर खोलीमागे किती वीज लागेल, आणि मे महिन्यात पाणी कोठून येईल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘गावच्या विहिरीतून’ असे आले, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, तो नकाशा परत पाठवावा.